एम्युलेटर म्हणतो ‘जागा नाही’: पण कुठली जागा?

मिरजेच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, २५६ जीबीची एसएसडी, तिचे सी आणि डी असे दोन भाग केलेले. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून बेदाण्याच्या सौद्यांचं ॲप चाललंय. अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमधला एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा आभासी फोन, आधी व्यवस्थित चालायचा. मग ॲप चढवताना ‘इन्स्टॉल फेल्ड, इन्सफिशियंट स्टोरेज’ यायला लागलं. मित्राने ‘वाइप डेटा’ करायला सांगितलं. ते केल्यावर एम्युलेटर उघडेचना. ‘नॉट इनफ स्पेस टू क्रिएट यूजरडेटा पार्टिशन’ म्हणून थांबायला लागला. डी ड्राइव्हवरचे सिनेमे काढून बरीच जागा केली, फरक शून्य. शेवटी सी वरचं दिसेल ते उडवलं, तर आता नुसतंच ‘द एम्युलेटर प्रोसेस हॅज टर्मिनेटेड’. विंडोज फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट मारू नका. मारलंत तर चार दिवस बरं चालेल आणि पुन्हा इथेच याल, कारण सी ड्राइव्ह तेवढाच राहणार आणि एम्युलेटर तिथेच जाऊन बसणार. तुम्हाला ही एकच अडचण वाटतेय, पण या तीन वेगळ्या अडचणी आहेत, आणि प्रत्येकीच्या उपायातून पुढची निघालीय. सांगलीत मुलांचे असे लॅपटॉप समोर येतात तेव्हा मी आधी काहीच पुसत नाही. आधी एवढंच ठरवतो की ओरडतंय कोण: लॅपटॉपची डिस्क, की एम्युलेटरच्या आतला फोन.

या दोन जागा वेगळ्या आहेत हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. तासगावच्या शीतगृहात तुम्ही एक खोली भाड्याने घेतलीत असं समजा. तुमची खोली गच्च भरली तर बाकीचं शीतगृह रिकामं असून उपयोग नाही. आणि शीतगृहच भरलेलं असेल तर तुमच्या नावावर नवी खोली मिळणार नाही. तुमचा पहिला संदेश खोली भरल्याचा होता, दुसरा शीतगृह भरल्याचा.

आता पहिला संदेश. ‘इन्सफिशियंट स्टोरेज’ हे एम्युलेटरमधलं अँड्रॉइड बोलतंय. त्याला लॅपटॉपच्या सी-डीची काही कल्पना नाही. त्याच्यासाठी जग म्हणजे ‘डेटा’ नावाचं पार्टिशन, म्हणजे आतल्या फोनची साठवणीची जागा. ती एव्हीडी (एम्युलेटरमधला एकेक आभासी फोन) बनवताना ठरते. आणि हे पार्टिशन शेवटच्या एमबीपर्यंत भरू देत नाहीत. साध्या अँड्रॉइडमध्ये जागेच्या ५ टक्के किंवा ५०० एमबी, यातलं जे कमी असेल तेवढं उरलं की यंत्रणा ‘जागा कमी’ असं धरते. ६ जीबीच्या पार्टिशनला ही रेघ साधारण ३०७ एमबीवर येते. म्हणजे सेटिंग्जमध्ये २५० एमबी शिल्लक दिसत असताना ६० एमबीचं ॲप नाकारलं गेलं तर त्यात चमत्कार नाही. शिवाय ॲप चढताना फक्त एपीकेएवढीच (ॲपच्या इन्स्टॉल फाइलएवढीच) जागा लागत नाही. एपीके, त्यातून बाहेर काढलेल्या लायब्ररी, कंपाइल केलेला कोड, आणि मग तुमच्या ॲपचा स्वतःचा डेटा, असं सगळं धरावं लागतं.

आत किती भरलंय ते बघायला टर्मिनलमधून एडीबीच्या (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या) शेलमध्ये जा आणि ‘डीएफ’ ही कमांड डेटा पार्टिशनवर चालवा. एका ओळीत एकूण, वापरलेली, उरलेली जागा आणि टक्के येतात. तेवढी ओळ बघितल्याशिवाय काही पुसू नका. बेदाण्याच्याच विषयावर काम करणाऱ्या एका मुलीच्या एम्युलेटरवर ही ओळ ९० च्या पुढे टक्के दाखवत होती, आणि ॲप तर जेमतेम ४० एमबीचं. शोधल्यावर कळलं की प्रत्येक चाचणीत तिचं ॲप मालाचे फोटो मूळ आकारात कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, टाकत होतं, एकेक फोटो चार-पाच एमबीचा, आणि जुने कधीच काढत नव्हतं. तिथे वाइप डेटाने आठवडाभर सुटका झाली असती. खरा उपाय कोडमध्ये होता: फोटो साठवण्याआधी लहान करायचा आणि कॅशला मर्यादा घालायची. तुमचं ॲपही सौद्यांचं आहे म्हणजे फोटो असणारच, तेव्हा आधी तिकडेच बघा. हेच ॲप उद्या एखाद्या अडत्याच्या ३२ जीबीच्या फोनवर जाणार आहे, त्याला वाइप डेटा करायला सांगता येणार नाही.

दुसरी तपासण्याची गोष्ट म्हणजे एपीकेचा आकार. नेटिव्ह लायब्ररी (थेट प्रोसेसरसाठी कंपाइल केलेला कोड) वापरल्या असतील तर एकाच एपीकेत चार प्रकारच्या प्रोसेसरसाठी चार प्रती बसलेल्या असतात. इंटेल किंवा एएमडीच्या लॅपटॉपवरच्या एम्युलेटरला त्यातली एक्स८६-६४ ही एकच लागते. ग्रेडलमध्ये, म्हणजे ॲपचं बिल्ड करणाऱ्या साधनात, डीबग बिल्डपुरता एबीआय (प्रोसेसरच्या प्रकाराचा) फिल्टर लावलात तर एपीके बराच हलका होतो. बाकी, जुन्या प्रयोगांची ॲप्स काढून टाका. पॅकेजचं नाव बदलत बदलत ट्यूटोरियल केलेली असतील तर अशी दहा-बारा ॲप्स आत पडलेली असतात आणि मुलांना ती आठवतही नाहीत. एसडी कार्डचा आकार वाढवण्याच्या नादी लागू नका, ॲप चढतं ते आतल्या डेटा पार्टिशनवर.

एवढं करूनही जागा कमीच पडत असेल तर स्टुडिओच्या (विंडोजच्या नव्हे) डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या एव्हीडीचं ‘एडिट’ उघडा आणि तिथल्या जादा सेटिंग्जमध्ये ‘इंटर्नल स्टोरेज’ वाढवा. नवा आकडा सहसा वाइप डेटानंतरच लागू होतो. कुणी ‘हार्डवेअर-क्यूईएमयू’ नावाची आयएनआय फाइल (सेटिंग लिहिलेली मजकुराची फाइल) हाताने बदलायला सांगितलं तर सोडून द्या, ती दर वेळी सुरू होताना नव्याने लिहिली जाते. बदल टिकतो तो ‘कॉन्फिग’ या आयएनआय फाइलमध्ये.

आणि इथेच तुमच्या मित्राचा सल्ला अंगाशी आला. वाइप डेटा म्हणजे आतलं पार्टिशन टाकून देऊन नवं बनवणं. चालू असलेला एम्युलेटर जुन्या पार्टिशनवर कसाबसा चालत होता, त्याला नवी जागा मागायची गरज नव्हती. पुसल्यावर त्याला नवं पार्टिशन बनवायचं होतं, म्हणून त्याने सी ड्राइव्हवरची मोकळी जागा मोजली, आणि ती पुरेना. सी भरलेला असताना वाइप डेटा करू नये तो यासाठी.

या संदेशाचा पुढचा भाग मुलं वाचत नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. ‘अव्हेलेबल’ म्हणून एक आकडा, मग फोल्डरचा पूर्ण पत्ता, मग ‘नीड’ म्हणून दुसरा आकडा. बहुतेक वेळा हा दुसरा आकडा ७३७२.८ एमबी असतो. हा कुठून आला? ६ जीबी म्हणजे ६१४४ एमबी, आणि त्यावर पाचवा हिस्सा जास्तीचा. ६१४४ गुणिले १.२ करून बघा. म्हणजे एम्युलेटर ठरलेल्या आकारापेक्षा २० टक्के जास्त मोकळी जागा मागतो. त्यामुळे ‘६ जीबी मोकळी आहे की, तरी का रडतोय?’ या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यातच आहे. आणि मधला पत्ता सांगतो की मोजणी कुठल्या ड्राइव्हवर झाली. तुमच्याकडे तो सी ने सुरू होत असणार, म्हणून डी वरचे सिनेमे गेले ते फुकटच गेले. एम्युलेटरच्या आवृत्तीप्रमाणे वाक्य थोडं बदलतं, काहींत ‘एव्हीडी चालवायला डिस्कवर पुरेशी जागा नाही’ एवढंच येतं. पण मोजतात तीच जागा.

हा पत्ता म्हणजे सी ड्राइव्हमध्ये ‘यूजर्स’, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात टिंबाने सुरू होणारं ‘अँड्रॉइड’ आणि त्यात ‘एव्हीडी’. कॉलेजच्या लॅबमध्ये याचा वेगळाच त्रास होतो. एका संगणकावर सहा मुलं आपापल्या लॉगिनने बसत असतील तर प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये स्वतंत्र एव्हीडी तयार होते, आणि एकाला दुसऱ्याची दिसतही नाही. लॅबवाले म्हणतात डिस्क भरली, आणि मुलं म्हणतात आम्ही तर एकच बनवली. दोघंही खरं बोलत असतात.

सी वर जागा करायची तर माझा क्रम ठरलेला आहे. आधी डिव्हाइस मॅनेजरमधून न लागणाऱ्या एव्हीडी काढा. एका एव्हीडीत डेटा पार्टिशन तर असतंच, शिवाय ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरमध्ये झटपट सुरू होण्यासाठी जपून ठेवलेली रॅमची प्रतही असते. रॅम २ जीबी दिली असेल तर ही प्रतही त्याच मापाची होऊ शकते. त्यानंतर स्टुडिओच्या एसडीके मॅनेजरमध्ये (अँड्रॉइडची साधनं उतरवायच्या जागी) जाऊन ज्या आवृत्त्यांच्या सिस्टिम इमेज, म्हणजे आभासी फोनमधल्या अँड्रॉइडच्या मूळ प्रती, वापरत नाही त्या काढा. उघडल्यावर एकेक इमेज काही जीबी घेते, आणि ट्यूटोरियलमागून ट्यूटोरियल करताना चार-चार उतरवलेल्या असतात. तिसऱ्या क्रमांकावर तुमच्याच नावाच्या फोल्डरमधलं ग्रेडलचं कॅश. ते उडवायला हरकत नाही, पण पुढच्या बिल्डला सगळं परत डाउनलोड होईल. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर हे शेवटी करा.

एव्हीडी आणि इमेज त्या त्या मॅनेजरमधूनच काढा, फाइल एक्स्प्लोररमध्ये जाऊन शिफ्ट-डिलीट मारू नका. तुम्ही ‘दिसेल ते उडवलं’ असं लिहिलंय, त्याची मला जास्त काळजी आहे. त्यावर पुढे येतो. आणखी एक: एम्युलेटरच्या आत ॲप्स काढली म्हणून लॅपटॉपवरची फाइल लहान होईल असं समजू नका. तिची पद्धत वाढत जाण्याची आहे. आत मोकळी झालेली जागा आतच राहते, सी ला परत मिळत नाही.

तुमच्या बाबतीत मात्र साफसफाईपेक्षा स्थलांतर चांगलं. डी वर आता भरपूर जागा आहे आणि तो त्याच एसएसडीचा भाग आहे, तेव्हा वेगही तोच. डी वर साध्या इंग्रजी नावाचं, मध्ये स्पेस नसलेलं फोल्डर करा. विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये ‘अँड्रॉइड एव्हीडी होम’ हे नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, तीन शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन टाका आणि किंमत म्हणून त्या फोल्डरचा पत्ता द्या. स्टुडिओ बंद करून पुन्हा उघडा. यानंतर नवी एव्हीडी बनवाल ती तिथेच बनेल. जुनी हलवायची असेल तर लक्षात ठेवा, प्रत्येक एव्हीडीच्या दोन वस्तू असतात: एक फोल्डर आणि त्याच नावाची छोटी आयएनआय फाइल. दोन्ही हलवा, आणि ती छोटी फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘पाथ’ या ओळीत नवा पत्ता लिहा. ही ओळ राहिली की एम्युलेटर जुन्याच जागी शोधत बसतो. पण खरं सांगायचं तर तुमच्या जुन्या एव्हीडीतला डेटा पुसला गेलाच आहे, तेव्हा ती जपण्यात अर्थ नाही. नवी बनवा.

विंडोजमध्ये यूजरचं नाव देवनागरीत ठेवलेलं असेल तरी हाच उपाय कामी येतो. अशा पत्त्यावर काही साधनं अडखळतात, आणि संदेश मात्र भलताच येतो.

दुसऱ्या कुणाचा डी ड्राइव्ह म्हणजे बाहेरून लावलेली जुनी हार्ड डिस्क असेल तर हा सल्ला लागू नाही. चालेल, पण सुरू व्हायला इतका वेळ घेईल की तुम्ही वैतागून बंद कराल. एम्युलेटर एसएसडीवरच ठेवावा.

आता तिसरा संदेश, ‘प्रोसेस टर्मिनेट झाली’. हे वाक्य स्टुडिओचं आहे, आणि ते काहीच सांगत नाही. एम्युलेटर पडला एवढं त्याला कळलं, का पडला ते त्याने विचारलंच नाही. कारण हवं तर स्टुडिओ बाजूला ठेवून एम्युलेटर थेट चालवावा लागतो. एसडीकेच्या फोल्डरमध्ये ‘एम्युलेटर’ नावाचं फोल्डर आहे, तिथे टर्मिनल उघडा. आधी ‘लिस्ट-एव्हीडीज’ हा पर्याय देऊन नावं बघा, मग ‘एव्हीडी’ या पर्यायापुढे नाव लिहून शेवटी ‘व्हर्बोज’ जोडा. धबधब्यासारख्या ओळी येतील, घाबरू नका. शेवटच्या पंधरा-वीस ओळींत ‘एरर’, ‘फेटल’ किंवा ‘पॅनिक’ हा शब्द शोधा.

तिथे ‘एव्हीडी सिस्टिम पाथ’ तुटल्याचं किंवा सापडत नसल्याचं लिहिलेलं असेल, तर तुम्ही साफसफाईत सिस्टिम इमेजच उडवलीय. तुमच्या प्रश्नावरून माझा पहिला संशय हाच आहे. एसडीके मॅनेजरमधून ती इमेज परत उतरवा. ‘इंजिन प्रोग्रॅम मिसिंग’ असं असेल तर एम्युलेटरचंच पॅकेज अर्धवट उडालंय, ते काढून पुन्हा घाला.

‘एकाच एव्हीडीचे अनेक एम्युलेटर’ अशा अर्थाचं काही असेल तर आधीचा एम्युलेटर मेला नाही किंवा मरताना कुलूप लावून गेला. टास्क मॅनेजरमध्ये ‘क्यूईएमयू-सिस्टिम’ने सुरू होणारी प्रोसेस असेल तर ती बंद करा. ती नाही याची खात्री झाल्यावरच एव्हीडीच्या फोल्डरमधल्या ‘लॉक’ शेपटीच्या फाइली काढा. प्रोसेस चालू असताना कुलूप काढलं तर दोन एम्युलेटर एकाच फाइलवर लिहितील आणि पार्टिशन खराब होईल.

आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे लाईट. सेकंड-हँड लॅपटॉप, बॅटरी केव्हाच गेलेली, चार्जर लावूनच चालतो. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की सगळं जागच्या जागी बंद. एम्युलेटर त्या क्षणी स्नॅपशॉट लिहीत असेल तर तो अर्धवट राहतो, आणि पुढच्या वेळी त्यावरूनच उठायचा प्रयत्न करतो. काळी खिडकी येते, किंवा लोगो येऊन अडकतो. यावर वाइप डेटा लागत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोल्ड बूट नाउ’ करा, तो स्नॅपशॉट बाजूला ठेवून नव्याने सुरू होतो. आतली ॲप्स आणि डेटा तसाच राहतो. मी मुलांना सांगतो, बॅटरी नसेल तर एव्हीडीच्या सेटिंगमध्ये कायमचंच कोल्ड बूट ठेवा. सुरू व्हायला वेळ जास्त लागतो, पण अर्धवट स्नॅपशॉटमुळे अडकत नाही.

हे काहीच नसेल तर व्हर्च्युअलायझेशन (प्रोसेसरची आभासी यंत्रं चालवायची सोय) बघा. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘सीपीयू’. तिथे व्हर्च्युअलायझेशन ‘एनेबल्ड’ आहे का? नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) इंटेलला व्हीटी-एक्स, एएमडीला एसव्हीएम सुरू करा. टर्मिनलमधून ‘ॲक्सेल-चेक’ पर्याय दिला की एम्युलेटर स्वतःच सांगतो काय वापरतोय. इथे एक सावधगिरी: यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजूनही ‘हॅक्सम टाका’ सांगतात, म्हणजे एम्युलेटरला वेग देणारा इंटेलचा जुना ड्रायव्हर. इंटेलने २०२३ मध्ये त्याचं काम थांबवलंय. आता विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म सुरू करा. पण तुमचा एम्युलेटर याच लॅपटॉपवर आधी चालत होता, त्यामुळे मधल्या काळात बायोस किंवा विंडोज बदललं नसेल तर इथे वेळ घालवू नका. खिडकी उघडते आणि रंगांचा चिखल दिसतो, अशी तक्रार असती तर मी ग्राफिक्स ‘सॉफ्टवेअर’वर टाकून बघायला सांगितलं असतं.

रॅमचं काय, असं तुम्ही विचाराल. ८ जीबीत विंडोज, स्टुडिओ, ग्रेडल, ब्राउझर आणि वर एम्युलेटर, म्हणजे ओढाताण आहेच. रॅम कमी पडते तेव्हा विंडोज सी वरच्या पेजफाइलचा (रॅमसारखी वापरायच्या डिस्कवरच्या फाइलचा) आधार घेतं. सी भरलेला असेल तर ती वाढू शकत नाही, आणि मेमरी न मिळाल्याने एम्युलेटर मध्येच पडतो. म्हणून डिस्कची अडचण कधीकधी रॅमची अडचण होऊन समोर येते. एव्हीडी डी वर नेल्यावरही सी वर दहा-पंधरा जीबी मोकळी ठेवा.

नवी एव्हीडी बनवताना कमी रिझोल्यूशनचं प्रोफाइल निवडा. प्ले स्टोअर नसलेली इमेज घ्या. सौद्यांच्या ॲपला ती चालेल, फक्त गूगलचे नकाशे किंवा नोटिफिकेशन वापरत असाल तर ‘गूगल एपीआय’वाली. रॅम २ जीबी ठेवा. स्टोरेज कमी करून भागेल असं मात्र धरून चालू नका, काही इमेजना एम्युलेटर स्वतःच आकडा वर नेतो.

आणि रोजच्या कामाला एम्युलेटर हवाच कशाला? स्वतःच्या फोनवर ‘बिल्ड नंबर’ सात वेळा दाबून डेव्हलपर पर्याय उघडा, यूएसबी डीबगिंग सुरू करा आणि केबल लावा. अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा फोन असेल तर वाय-फायवरही होतं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर मी मुलांना हेच करायला लावतो. एम्युलेटर ठेवायचा तो वेगळा स्क्रीन किंवा वेगळी आवृत्ती तपासायला, आणि परीक्षकांना मोठ्या पडद्यावर दाखवायला.

तुम्ही आज एवढंच करा: एसडीके मॅनेजरमध्ये सिस्टिम इमेज आहे का बघा, एव्हीडीचं घर डी वर न्या, नवी एव्हीडी बनवून कोल्ड बूट करा. तरी पडलाच तर व्हर्बोजच्या शेवटच्या वीस ओळी, सी आणि डी वरची मोकळी जागा आणि ‘ॲक्सेल-चेक’चं उत्तर जसंच्या तसं लिहून पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करा; फोटोत नेमकी कामाची ओळ कापली जाते.